बनसोडेबाईंचे पाहुणे

बनसोडेबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. दाराकडे पाठ करून त्या बसल्या होत्या आणि त्यांच्या मॉनिटरला टेकून तळहाताएवढा एक गोल आरसा उभा केलेला होता. मी दारात चपला काढतोय तोवर आरशातले दोन डोळे माझ्यावर रोखले गेले.

"कोण पाहिजे?"

"आजपासून कामावर रुजू व्हायचंय."

"नक्की का?"

आता ह्याला काय उत्तर देणार! मी मालकांचं, म्हणजे पाटणकर सरांचं नाव सांगितलं. "सर आम्हाला काही बोलले नाहीत," असं म्हणून बाईंनी दाराजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. सर येईपर्यंत मी त्या स्टुलावर बसून होतो. मधे बाईंनी उठून मला पाणी आणून दिलं, अगदी आस्थेनं. पण जाताना टेबलावरची फ्लॉपींची डबी उचलून आपल्याबरोबर घेऊन गेल्या.

सांगलीत एका दातांच्या दवाखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खालून माणसं ओरडायची आणि वर आम्ही प्रोग्राम लिहायचो. नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. गावात ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता, आणि तो घेतल्यावर त्याचं काय करायचं हे विचारायला लोक पाटणकर सरांकडे यायचे. सर गोड बोलायचे. कुठल्याही कामाला नाही म्हणायचे नाहीत, आणि मग ते काम बनसोडेबाईंच्या टेबलावर येऊन पडायचं.

"नक्की का?" हे बाईंचं पालुपद. चहावाला म्हणाला, साखर कमी घातलीय, की नक्की का. सर म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे, की नक्की का. संध्याकाळी त्या एसटीनं पलूसला घरी जायच्या. स्टँडवर आधी गाडीची पाटी वाचायच्या, मग ड्रायव्हरला विचारायच्या, मग कंडक्टरला, आणि आत चढल्यावर शेजारच्या बाईला. "पाटी बदलायची राहते कधीकधी," असं त्यांचं म्हणणं. एकदा मी त्याच गाडीला होतो. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "आवं, मी काय चुकीच्या गाडीत बसलीय व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमीबी एकदा इचारून घ्या की." आणि गंमत म्हणजे त्या बाईनं खरंच उठून विचारलं.

ऑफिसात आम्ही त्यांची टिंगल करायचो. ड्रॉवरला कुलूप लावून त्या ते ओढून बघायच्या. आम्ही हसलो की आमच्याकडे बघून परत एकदा ओढायच्या. कुणीही लिहिलेला प्रोग्राम असो, त्याच्या ओळींवरून त्यांचं बोट पोलिसासारखं फिरायचं. एकदा असंच फिरता फिरता थांबलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"बाई, तुम्हीच."

"मग तर नीटच बघायला पाहिजे," असं म्हणून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांचं खास काम काय होतं ते सांगायला हवं. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. पण गिऱ्हाइकाला नुसतं कपाट नको असायचं. त्याला त्यातून पत्र छापून हवं, कुणाचा फोटो दिसायला हवा. पत्र लिहिणारा प्रोग्राम वेगळ्या कंपनीचा, चित्र दाखवणारा आणखी वेगळा. हे परके प्रोग्राम आपल्या स्क्रीनच्या चौकटीत आणून बसवायचे आणि आपण लिहून ठेवलेल्या हुकमांवर त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. उघड, लिही, छाप, मीट. ही विद्या तेव्हा नवी होती आणि आमच्यात ती धड बाईंनाच येत होती. ह्या परक्या प्रोग्रामांना त्या 'पाहुणे' म्हणायच्या.

"पाहुण्याला कामाला लावायचं म्हणजे जोखीम," त्या मला शिकवताना म्हणाल्या. "हुकूम सोडायच्या आधी बघायचं, तो आलाय का. आधीच कुणाकडं आलेला असंल तर त्याला आपण हाकलायचं नाही. आपण बोलावला असंल तर आपणच पोचवायचा. आणि घरात आहे तोवर तो दिसला पाहिजे."

शेवटच्या मुद्द्यावर त्यांचं आणि सरांचं कधी जमलं नाही. पाहुण्याला लपवून काम करून घ्यायची सोय होती. एक ओळ लिहिली की वर्ड, म्हणजे पत्र लिहिणारा प्रोग्राम, पडद्याआडच उघडायचा, पत्र तयार व्हायचं आणि प्रिंटरमधून कागद बाहेर यायचा. सरांना ते फार आवडायचं. "गिऱ्हाइकाला जादू वाटली पाहिजे," ते म्हणायचे.

"जादूगाराचे खिसे तपासावे लागतात, सर," बाई म्हणायच्या.

माधवनगरचा किस्सा ह्याच जादूचा. तिथं दोन भावांचं सुताचं दुकान होतं. त्यांचा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला होता. सकाळी मशीन घोड्यासारखं पळायचं आणि दुपार झाली की बसायचं, ते उठायचंच नाही. सरांनी व्हायरसवर संशय घेतला. थोरल्या भावानं धाकट्यावर घेतला. धाकटा दुपारी जेवायला घरी जायचा नाही, दुकानातच थांबायचा, म्हणजे तोच मशीनला काहीतरी करतो. धाकट्याला वाटायचं, थोरल्याला आपल्याला दुकानातून काढायचंय म्हणून तो मशीन बिघडवतो. बोलणं वेगळं व्हायच्या गोष्टींपर्यंत गेलं होतं.

बाई आणि मी गेलो. बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. दिवसभर मशीनपाशी बसल्या, दोघा भावांकडे सारख्याच वाईट नजरेनं बघत. दुपारी मशीन बसलं. मग त्यांनी दोघांना समोर उभं केलं आणि दोन ओळी लिहून दडलेल्या पाहुण्यांना एकेक करून उजेडात आणलं. पडद्यावर वर्डची एक खिडकी उघडली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. त्या संपेचनात. प्रत्येक बिलाला एक वर्ड बोलावला होता आणि कुणालाही परत पाठवलं नव्हतं.

"हे समदं कवापासनं बसल्यात?" धाकट्यानं विचारलं.

"सकाळपासनं. तुमच्या भावानं न्हाई बसवलं आणि तुमीबी न्हाई. प्रोग्रामनं बसवलं. आमच्या."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला स्वतः चहा सांगायला गेला, आणि धाकट्याच्या कपात साखर जास्त सांगितली हे मी ऐकलं. सांगलीला परतल्यावर सरांचा चेहरा मात्र उतरला होता. चूक दुरुस्त करायला त्यांची ना नव्हती. ती 'आमच्या' म्हणून सांगायची काय गरज होती, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

मग साताऱ्याचं काम आलं.

साताऱ्यात माजी सैनिकांची एक संस्था होती. निवृत्त जवान, त्यांच्या विधवा, म्हातारे आईबाप ह्यांना ओळखपत्रं द्यायची होती. त्या कार्डावर संस्थेच्या दवाखान्यात औषधपाणी मिळणार होतं आणि वर्षातून एकदा डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशन. तालुक्यातालुक्याचे फोटोग्राफर फोटो काढणार, शहरातला एक स्टुडिओ ते फ्लॉपीवर चढवून देणार, आणि आमच्या प्रोग्रामनं नाव, गाव, पलटण आणि फोटो कार्डात बसवून छापायचं. हे नीट जमलं तर तसंच काम सांगली जिल्ह्यालाही मिळणार होतं. सर त्याची वाट बघत होते.

बाईंचं म्हणणं, प्रत्येक फोटो डेटाबेसच्या पोटातच ठेवायचा. पण थोडे फोटो घातले की मशीनची डिस्क तुडुंब व्हायची आणि प्रोग्राम उघडायला एवढा वेळ घ्यायचा की माणूस बाहेर जाऊन यावं.

"फोटो बाहेर राहू देत," सर म्हणाले. "आपण फक्त पत्ता ठेवू. छापताना त्या पत्त्यावर जायचं आणि फोटो उचलून आणायचा."

"पत्ता म्हणजे माणूस नव्हे, सर. बिऱ्हाड बदललं तर?"

"कोण बदलणार आहे, मॅडम?"

"तेच मी विचारतेय."

शेवटी तडजोड झाली. पत्ताच ठेवायचा, पण कार्ड छापायच्या आधी प्रोग्राम तो फोटो मोठा करून समोर धरणार आणि विचारणार, 'हीच व्यक्ती का? हो, नाही.' हो म्हटल्याशिवाय छपाई नाही. बाईंनी आपलं पालुपदच मशीनच्या तोंडी घातलं होतं, आणि त्यांचं समाधान बऱ्यापैकी झालेलं दिसलं. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, कारण बाईंचं समाधान झालेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

संस्थेत मशीन चालवायला शिर्के होते. निवृत्त हवालदार, ताठ मान, दोन बोटांनी टायपिंग. "मॅडम, ऑर्डर मिळाली की आपुन फायर," असं म्हणायचे. काम मन लावून करायचे. पण माणूस झाला तरी किती वेळा मन लावणार? पहिले काही दिवस ते फोटोकडे बघून 'हो' दाबायचे. नंतर चहा ढवळत 'हो' दाबायला लागले. बाईंनी ते आपल्या पद्धतीनं, म्हणजे भलतीकडेच बघत असल्यासारखं करून, पाहिलं.

"शिर्के, बघून दाबा."

"बघूनच दाबतोय की, मॅडम."

"नक्की का?"

"एकदम पक्का."

शिबिराच्या दिवशी संस्थेनं मशीन उचलून एका शाळेच्या वर्गात मांडलं आणि काही अडलं तर असावेत म्हणून आम्हा दोघांना बोलावलं. मिरजेहून डॉक्टर आले होते. व्हरांड्यात खटाव-माणच्या म्हाताऱ्यांची रांग बसली होती. खिडकीतून कार्ड मिळायचं, ते घेऊन पुढच्या टेबलावर जायचं. तिथं चेहरा आणि फोटो ताडून बघायचे आणि आत सोडायचे. सकाळभर छपाई करून शिर्के त्या टेबलावर येऊन बसले होते. त्यांच्याशेजारी संस्थेचे सचिव, निवृत्त सुभेदार मेजर. त्यांना सगळे मेजरसाहेब म्हणत.

मेजरसाहेबांना एकच धास्ती होती. आदल्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर येऊन ऑपरेशन करून गेलं होतं आणि एका जवानाच्या आईची पाळी हुकली होती. म्हणून ह्या वर्षी फोटो. "एकसुद्धा बोगस आत जाता कामा नये," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. त्यामुळे त्या टेबलापुढून जाणारा प्रत्येक जण चोर असल्यासारखा तपासला जात होता. खरं सांगायचं तर मलाही रांगेतले काही चेहरे संशयास्पद वाटायला लागले होते.

तेवढ्यात टेबलाशी आवाज चढला. वडूजच्या पलीकडच्या गावची एक आजी उभी होती, सोजरबाई नावाची. नवरा फौजेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचा एक डोळा कामातून गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. ह्या वेळी झालं नाही तर पुढच्या शिबिरापर्यंत हाही जाईल, असं डॉक्टरांनी तपासणीतच सांगितलेलं. शेजारीण तिला सकाळच्या गाडीला बसवून परत फिरली होती.

"आजी, हे कार्ड कुणाचं?" शिर्के विचारत होते.

"माझंच हाय की."

"फोटो कुणाचा?"

"माझाच. काढला न्हवं का वडूजात."

"नीट बघा."

"बगितला की. मीच हाय."

शिर्क्यांनी कार्ड मेजरसाहेबांपुढे केलं. कार्डावर सोजरबाईंचं नाव होतं आणि फोटो भलत्याच बाईचा. रुंद चेहरा, कपाळावर गोंदण, जाड भुवया. समोरची आजी तर काटकुळी. मेजरसाहेबांचा आवाज कडक झाला. "आजी, खरं सांगा. सोजरबाई घरी आहेत ना? तुम्ही कोण त्यांच्या?"

"आवं सायेब, मीच सोजरा! फुटू बगा की, माझाच हाय!"

ती जितकं ठासून सांगेल तितकी ती खोटी दिसत होती. धडधडीत दुसरीचा फोटो, आणि ही म्हणते माझाच. मागची रांग कुजबुजायला लागली. कुणीतरी म्हणालं, "लय धीट हाय म्हातारी." शिर्क्यांनी तिला हातानं बाजूच्या बाकाकडे वळवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बनसोडेबाई वर्गातून बाहेर आल्या. माझी खात्री होती की त्या म्हातारीला आणखी फैलावर घेणार. सबंध जिल्ह्यात त्यांच्याइतकं संशयी माणूस शोधून सापडलं नसतं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, म्हातारीकडे बघितलं, आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"आजी, बगू बरं," त्या म्हणाल्या, आणि कार्ड तिच्या डोळ्यांपुढे धरलं. उलटं. फोटोतली बाई डोकं खाली, पदर खाली. "ह्योच का तुमचा फोटो?"

सोजरबाईनं मान पुढे काढली, डोळे बारीक केले. "व्हय. ह्योच. पदर घेतलाय बग डोईवरनं."

मोतीबिंदूच्या शिबिराला आलेल्या बाईला फोटो दिसत नसणार, ही गोष्ट आमच्यासारख्या दोन-दोन डोळेवाल्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मला तिथं फार लाज वाटली. शिर्के उठून उभे राहिले होते आणि कुठं बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

बाई तडक मशीनपाशी गेल्या. "शिर्के, हे कार्ड कधी छापलं?"

"आज सकाळी. पयलं लॅमिनेशनमदी सुरकुतलं, मग परत छापलं."

"मधे नवी फ्लॉपी आली होती का?"

आली होती. वडूजच्या फोटोग्राफरनं पहिला रोल संपवला, मागून राहिलेल्या चार-दोन बायांचे फोटो नव्या रोलवर काढले. नवा रोल म्हणजे नंबर पुन्हा एकपासून. फोटोग्राफरांची ती रीतच. शिर्क्यांनी ती फ्लॉपी जुन्या फोटोंच्याच जागी उतरवली. मशीननं विचारलं, ह्या नंबरचा फोटो आहे, बदलू का? शिर्के म्हणाले, हो. मग छापताना बाईंच्या प्रोग्रामनं विचारलं, हीच व्यक्ती का? शिर्के पुन्हा म्हणाले, हो. पत्ता तोच राहिला आणि बिऱ्हाड बदललं. आधी छापलेली कार्डं बरोबर होती. ह्या एकट्या आजीचं कार्ड नंतर निघालं होतं.

बाईंनी सांगलीला फोन लावला. हेडमास्तरांच्या खोलीत फोन होता, सरांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "मॅडम, आपल्याकडून झालं असं एक अक्षर बोलायचं नाही. सांगलीचं काम जाईल. पुढच्या वेळी ये म्हणावं आजीला. नाहीतर शिर्क्यांनी चुकीचं दाबलं म्हणून सांगा, खरंच आहे ते."

"खरंच आहे का, सर?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या टेबलापाशी आल्या. "मेजरसाहेब, बाई खरी आहे. कार्ड खोटं आहे. आणि ते माझ्या प्रोग्रामनं छापलंय."

"पण मॅडम, हो तर मी दाबलं..." शिर्के म्हणायला लागले.

"मी प्रश्नच असा लिहिला की माणसानं न बघता हो म्हणावं. दिवसभर तेच तेच विचारलं तर कोण बघेल? आणि मी सगळ्यांना खोदखोदून विचारलं, फोटोग्राफरला नाही विचारलं नंबर कसे घालता म्हणून." मग जुन्या फ्लॉपीतून त्यांनी सोजरबाईंचा फोटो काढून मेजरसाहेबांना दाखवला. काटकुळा चेहरा, हनुवटीवर तीळ. मेजरसाहेबांनी तो बघितला, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि म्हातारीला हाताला धरून स्वतः आत घेऊन गेले.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी विचारलं, "तुम्हाला म्हातारीचा संशय आला नाही?"

"आला की. पण आधी माझा आला." कराड मागं पडल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. शाळेत असताना गणितात त्यांना पैकीच्या पैकी मार्क पडले होते. त्यांच्या आळीतल्या पोरीला एवढे पडतात म्हणजे कॉपी केली, असं मास्तरांनी ठरवलं आणि सगळ्या वर्गादेखत, एकटीला पुढं बसवून, तोच पेपर पुन्हा सोडवायला लावला. पुन्हा तेवढेच पडले.

"मग मास्तर काय म्हणाले?"

"काही नाही. घरी जा म्हणाले." बाईंनी हातातलं तिकीट उलटून बघितलं. "पण दुसऱ्यांदा सोडवताना मलाच वाटायला लागलं, पहिल्यांदा खरंच मी सोडवलं होतं ना? ते काही माझ्या डोक्यातनं गेलं नाही बघा. तेव्हापासनं सगळ्याच गोष्टींना विचारते. पण आधी स्वतःला विचारायचं. मास्तरांनी आधी स्वतःला विचारलं नव्हतं."

इतकी वर्षं आम्ही ज्या सवयीला हसत होतो ती कुठून आली, हे मला त्या गाडीत कळलं.

सांगली जिल्ह्याचं काम मिळालं नाही. सरांनी बाईंना काढलं नाही, सर तसे नव्हते. त्यांनी फक्त पाहुण्यांचं सगळं काम बाईंकडून काढून घेतलं आणि त्यांना पत्ते टाइप करायला बसवलं. बाईंनी साताऱ्याचा प्रोग्राम तेवढा नीट करून दिला. फोटो पोटात घेतले, लहान करून. आणि 'हीच व्यक्ती का?' हा प्रश्न काढून टाकला. त्याजागी मशीन विचारायचं, 'फोटोतल्या व्यक्तीच्या डोक्यावर काय आहे?' टोपी, फेटा, पदर की काहीच नाही, ते टाइप करावं लागायचं. फोटोकडे बघितल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. शिर्के मला नंतर म्हणाले, "मॅडमनं आमाला परत ड्रिलला लावलं." मग बाईंनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ड्रॉवरची किल्ली सरांना देताना ड्रॉवर एकदा ओढून बघितला.

सोजरबाईचं दुरुस्त केलेलं कार्ड बाईंकडेच राहिलं होतं. शिबिराच्या दिवशी म्हातारीच्या डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टी बांधलेल्या माणसाच्या हातात कार्ड द्यायला बाई तयार नव्हत्या. पोस्टावर तर त्यांचा विश्वास नव्हताच. वडूजला फेरतपासणी होती, तिथं त्या स्वतः निघाल्या. मलाही दहिवडीकडे जायचं होतं म्हणून मी बरोबर गेलो.

म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, काळा चष्मा लावून. बाईंना तिनं आवाजावरून ओळखलं. बाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं, ह्या वेळी सुलटं. सोजरबाईनं चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. मग मान हलवली.

"ही मी न्हवं."

बनसोडेबाईंनी कार्ड ओढून घेतलं, फोटो बघितला, म्हातारी बघितली, परत फोटो. तीच काटकुळी हनुवटी, तोच तीळ.

"आजी, तुमीच हाय की."

"न्हाई गं बाय. येवडी म्हातारी? मी न्हवं ही. कुणाचं तरी कार्ड आणलंयस तू."

पायरीवरची माणसं हसायला लागली. "अगं सोजरे, तूच हायस!" शेजारीण म्हणाली. "किती साल झाली त्वांड बगून?" म्हातारी ऐकेना. सगळ्यांकडे ती अशा नजरेनं बघत होती की जणू सारं गाव तिला फसवायला बसलंय.

बाई हसल्या नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवा, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि मॉनिटरला टेकलेला असायचा तो गोल आरसा बाहेर काढून म्हातारीच्या दुसऱ्या हातात दिला. "माजं ऐकू नका. तुमीच बगा."

समोरच्या थांब्यावर माझी गाडी लागली होती, मी चढून खिडकीशी बसलो. सोजरबाई एका हातात कार्ड आणि एका हातात आरसा धरून आळीपाळीनं बघत होती. हनुवटीवरच्या तिळाला तिनं बोट लावलं. कार्डावरच्या तिळालाही लावलं. मग काहीतरी पुटपुटली.

"नक्की का?" बाईंनी विचारलेलं मला खिडकीतून ऐकू आलं.

"व्हय गं. मीच हाय." म्हातारीनं डोळे पुसले आणि आरसा बाईंच्या तोंडापुढे धरला. "घे, तूबी बग."

गाडी हलली. वळणावर मागे पाहिलं तेव्हा बनसोडेबाई वाकून, अगदी निरखून, त्या आरशात बघत होत्या.